‘तो सुधारला’ म्हणतात, मग आमच्या बापाचं काय?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका कास्तकार भावाने विचारलेला हा प्रश्न आहे. 2017 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण झालं आणि शेजारच्या वावरवाल्याने बंडीची उभारी (बैलगाडीचा उभा दांडा) त्यांच्या वडिलांच्या डोक्यात घातली. तिसऱ्या दिवशी वडील गेले. पोलिसांनी खुनाचं कलम 302 लावलं होतं, सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या 304 भाग 2 खाली 7 वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि तो माणूस साडेपाच वर्षांत सुटून घरी आला. तुरुंगात सुतारकाम शिकला, दारू सोडली, आता गावात दारं-खिडक्या करून देतो. यंदा सप्त्याच्या काल्याला गावातल्या जाणत्यांनी या दोघांना एकाच पंगतीत शेजारी बसवायचा घाट घातला, तेव्हा हे पानावरून उठून गेले. तेव्हापासून लोक म्हणतात, ‘गांधी-विनोबाच्या जिल्ह्यात राहते अन् मनात एवढा डूख?’ भाऊ विचारतात: शिक्षा माणूस सुधारावा म्हणून असते असं सगळेच सांगतात, मग माझ्या बापासाठी तिच्यात काय होतं? मी चुकतोय का?

भाऊ, तुम्ही चुकत नाही. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुठेतरी मी त्या माणसाची बाजू घेते आहे असं तुम्हाला वाटेल. मी 28 वर्षं परिविक्षा अधिकारी होते. यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांत फिरले. कोर्टाने एखाद्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं म्हटलं की त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल द्यायचा आणि नंतर देखरेख ठेवायची, हे माझं काम. म्हणजे माझी सगळी नोकरी ‘माणूस सुधारू शकतो’ या बाजूला गेली. आजही मी ते मानते. पण तुमच्या गावाने पंगतीत जे केलं त्याला सुधारणा म्हणत नाहीत.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्याने जे केलं त्याची किंमत काय, ही पहिली. तिचं उत्तर शिक्षा देते. उद्यापासून तो कसा जगणार, ही दुसरी. तिथे सुधारणेचा विषय येतो. आणि तुम्ही त्याला माफ करणार की नाही, ही तिसरी. या तिसरीशी ना कोर्टाचा संबंध, ना तुरुंगाचा, ना गावाचा. तो सुधारला म्हणून तुम्ही माफ केलं पाहिजे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आणि तुम्ही माफ केलं नाही म्हणून तो सुधारला नाही, असंही होत नाही. गावाने दुसऱ्या गोष्टीचं ओझं आणून तिसरीवर ठेवलं आणि ते तुमच्या डोक्यावर दिलं. विनोबांचं नाव घेणाऱ्यांनाही एक सांगा. 1960 साली चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या, हे खरं आहे. पण बंदुका ठेवल्यावर त्यांच्यावर खटले चालले. शरण येणं हे खटल्याच्या जागी आलं नव्हतं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. तो परत आल्यावर कधी तुमच्या दारात आला का? ‘माझ्या हातून झालं’ असं तोंडाने म्हणाला का, की ‘भांडणात लागलं’ एवढ्यावरच आहे? तुमच्या आईला रस्त्यात त्याच्या समोरून जावं लागतं का, तेव्हा तो काय करतो? आणि धुरा आज कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नाकडे मी पुन्हा येईन.

आता 304 चं. तुमच्या मनात बसलं आहे की कोर्टाने दया दाखवली, सुधारायला संधी दिली, म्हणून कलम उतरवलं. तसं नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत खून कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या 300 कलमाला अपवाद होते. अचानक उसळलेल्या भांडणात, आधी काही न ठरवता, गैरफायदा न घेता किंवा क्रौर्य न दाखवता घाव बसला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरायचा. त्यातही मारायचा हेतू नव्हता, पण अशा घावाने माणूस मरू शकतो एवढी जाणीव होती, असं ठरलं तर भाग 2, कमाल 10 वर्षं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा फरक कलम 105 मध्ये ठेवला आहे. हा फरक सुधारणावाद्यांनी आणलेला नाही. ‘जेवढा गुन्हा तेवढीच शिक्षा’ म्हणणाऱ्यांच्या विचारातून तो आला आहे. ठरवून, दबा धरून मारणारा आणि वादात हातात आलेली उभारी मारणारा यांना एकाच मापाने मोजलं तर दबा धरणाऱ्याला सूट मिळाल्यासारखं होतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत कोर्टाचं मोजमाप बरोबर होतं की नाही, हे निकालपत्र वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. उभारी एकदा बसली की तीनदा, यावर सगळं फिरतं. इथे बाकी वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं: आरोपी सुटला तर, कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला तर, किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. फक्त ‘शिक्षा कमी दिली’ एवढ्यावर हे अपील होत नाही. गावाकडे निकाल लागला की लोक रडत घरी येतात आणि मुदत निघून जाते. हे त्यांना कोणी सांगतच नाही.

साडेपाच वर्षांचा हिशोब सरळ आहे. खटला चालू असताना तो आत होता, ते दिवस शिक्षेतून वजा झाले. उरलेल्यात काम आणि वागणूक पाहून माफीचे दिवस मिळाले. सुधारणेचा विचार शिरला तो इथे, शेवटच्या दीड वर्षात. म्हणजे तुमच्या वडिलांच्या जिवाचं मोल तोलताना त्याचं सुतारकाम तागडीत ठेवलेलं नव्हतं.

सुधारणा कशाला म्हणायची, ते मला एका म्हाताऱ्या कास्तकाराने शिकवलं.

यवतमाळ जिल्ह्यातला 19 वर्षांचा पोरगा. विहिरीवरची मोटर चोरली, फोडून आतली तांब्याची तार भंगारवाल्याला विकली. आरोपी 21 वर्षांच्या आतला असला आणि गुन्हा जन्मठेपेचा नसला, तर 1958 च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाला आमचा अहवाल मागवावा लागतो. मी पोराच्या घरी गेले. बाप नाही, आई मजुरीला, वगैरे. असे अहवाल मी शेकड्यांनी लिहिले होते. निघता निघता वाटलं, ज्याची मोटर गेली त्यालाही भेटावं. तसं तेव्हा फार कोणी करत नसे. म्हातारा गोठ्यासमोर बसला होता. म्हणाला, “मोटरीचं जाऊ द्या बाई. बारा दिवस पाणी नाही भेटलं, माह्या हरभऱ्याचं काय?” पोलिसांच्या कागदात मोटरीची किंमत होती. वाळलेला दोन एकर हरभरा कुठेच नव्हता.

मी तो अहवालात लिहिला. कोर्टाने पोराला दोन वर्षांच्या देखरेखीवर सोडलं आणि कलम 5 खाली म्हाताऱ्याला 9,000 रुपये भरपाई द्यायला सांगितली. पोरगा हंगामात जिनिंगवर जायचा, एरवी रोजाने. महिन्याला 500 ठरले. कोर्टाच्या परवानगीने मी एक केलं: पैसे त्याने स्वतः जाऊन द्यायचे, म्हाताऱ्याच्या अंगणात, आणि वहीत सही घ्यायची. पहिल्या वेळी मी सोबत होते. म्हाताऱ्याने नोटा दोनदा मोजल्या, सही केली, पोराला बस म्हटलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यातही तो उभाच. चौथ्या महिन्यात म्हातारीने पाण्याचा गडवा आणून ओट्यावर ठेवला, काही न बोलता. मध्ये एक हप्ता चुकला, तर म्हातारा काठी टेकत पोराच्या घरी जाऊन दारात उभा राहिला. अठराव्या हप्त्याला पुन्हा मी होते. म्हाताऱ्याने सही केली, वही मिटली आणि म्हणाला, “झालं तुझं माझं. आता माह्या विहिरीकडे दिसू नको.” त्याने माफ केलं नाही, जवळही घेतलं नाही. पण त्या दिवशी दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी नंतर कित्येक अहवालांत शोधत राहिले. एकाचं मान्य झालं होतं, दुसऱ्याचं फिटलं होतं.

तो पोरगा तुरुंगात गेला असता तर म्हाताऱ्याला 9,000 मिळाले नसते, आणि पोरगा आतल्या मोठ्या चोरांच्या ओळखी घेऊन आला असता. आणि नुसता बंधपत्रावर सुटला असता तर म्हाताऱ्याला वाटलं असतं, कोर्टाने चोराची पाठ थोपटली. मोटर-चोरी आणि तुमचे वडील एका रांगेत बसवत नाहीये, भाऊ. जीव हप्त्याने फिटत नाही. पण रीत तीच आहे: झालेलं नुकसान, ज्याचं झालं त्याच्या तोंडून, कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे आणि करणाऱ्याने त्या माणसासमोर उभं राहिलं पाहिजे.

याच्या उलटही मी केलं आहे. बायकोला मारहाण केल्याच्या गुन्ह्यात एक जण परिविक्षेवर होता. मी सरपंच, पोलीस पाटील, त्याची आई, सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, सुधारला. बायकोला विचारलं ते चुलीपाशी, सासू बाजूला बसलेली असताना. ती खाली बघून म्हणाली, “चांगले वागतेत आता.” मी तेच लिहिलं. आठ महिन्यांत त्याने तिचा हात मोडला. तो अहवाल माझ्या अक्षरातला आहे. त्यानंतर मी आधी ज्याला इजा झाली त्याला भेटायचे, एकटीने, घराबाहेर, आणि मग बाकीच्यांना. म्हणून तुमच्या गावाचं ‘तो सुधारला’ हे प्रमाणपत्र मी तुमच्या आईला विचारल्याशिवाय धरणार नाही.

गाव कोणाला सुधारला म्हणतं, हेही बघावं लागतं. आपल्याकडे वजनदार घरातला माणूस परत आला की ‘जाऊ द्या, झालं गेलं’ होतं, आणि फासेपारध्याचं पोरगं निर्दोष सुटलं तरी चोरच राहतं. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 साली रद्द झाला, पण रात्री गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पारध्यांच्या बेड्यावरच (वस्तीवरच) आधी जाते. कडक शिक्षेची मागणी करताना मला याची भीती वाटते. 2003 मध्ये जालना जिल्ह्यात झालेल्या खून-बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी 5 लाख द्यायला सांगितले. फाशी झाली असती तर ते पैसे कोणाला दिले असते?

पण याच न्यायाने मी सुधारणेच्या बाजूच्या माझ्या सहकाऱ्यांशीही भांडले आहे. खैरलांजी आपल्याच विदर्भातली. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, एका दलित कुटुंबातले चार जण मारले गेले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी 25 वर्षांची शिक्षा केली. शिक्षा मोठीच होती. तरी लोकांच्या मनातला सल राहिला. त्याचं एक मोठं कारण, ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा दोन्ही कोर्टांनी धरला नाही. जे घडलं त्याचं नाव निकालात आलं नाही. शिक्षेचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं हेच आहे: तुझ्यावर झाला तो अन्याय होता, आणि तो अमुक नावाचा होता, हे सगळ्यांसमोर म्हणणं. ते म्हटलं गेलं नाही तर वर्षांचा आकडा कितीही मोठा असो, पोट भरत नाही. आणि ते म्हणण्याआधीच कोणी सुधारणेचं बोललं, तर पीडिताला तो दुसरा मार वाटतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 19 ने 18 वर्षांवरच्या दोषींना परिविक्षेची सोय बंद केली आहे. माझ्याच खात्याचं दार तिथे लावलेलं आहे, आणि ते लावलेलंच राहावं असं माझं मत आहे.

तुरुंगात माणूस सुधारतो का, असं मला नेहमी विचारतात. काही सुधारतात. मोर्शीच्या खुल्या कारागृहात जन्मठेपेचे कैदी शेती करतात, भिंतींच्या धाकाशिवाय राहतात, तिथला एक जण मला म्हणाला होता, “आता पळून जायची भीती मलाच वाटते, उरलेली दोन वर्षं वाया जातील.” पण तिथे पोचणारे थोडे. 2022 च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत तीन न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यांना काय सुधारणार, आणि कशापासून? 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याला कामाची योग्य मजुरी द्या आणि तिच्यातला एक हिस्सा पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा करा. तुमच्या गावातला तो माणूस आत रंधा मारायला शिकला हे चांगलंच झालं. पण ते शिकताना त्याच्या मजुरीतले चार पैसे तुमच्या आईच्या नावे आले असते, तर आज गावातल्या प्रत्येक दाराकडे बघून तुम्हाला जे होतं ते कदाचित थोडं कमी झालं असतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा आदेश नीट वाचा. दंडाच्या रकमेतून तुमच्या आईला काही द्यायला सांगितलं आहे का ते बघा. असा आदेश असतो आणि पैसे उचलायला कोणी गेलेलं नसतं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. ती प्रत घेऊन वर्ध्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पीडित भरपाईचा अर्ज आता बसतो की नाही, मुदतीचं काय, हे तिथेच विचारा. तुमच्या आईला वकील फुकट मिळतो. त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी धमकावलं, वावरात अडवलं, तर ठाण्यात लेखी द्या. जुन्या 107 ची चॅप्टर केस, म्हणजे भांडण होऊ नये म्हणून आधीच करायची कारवाई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते आणि शांततेचं बंधपत्र घेता येतं. पण त्याने काही केलेलं नसताना, नुसता समोर दिसतो म्हणून ही कारवाई मागू नका. त्याची शिक्षा संपली आहे, आणि गावात राहून सुतारकाम करण्याचा त्याचा हक्क तुमच्या दुःखाने कमी होत नाही. हे वाक्य तुम्हाला टोचेल. माझ्या कामाचं अर्धं आयुष्य लोकांना हेच सांगण्यात गेलं.

पंगतीचं म्हणाल तर उठलात ते बरोबर केलंत. जाणत्यांना एकदा स्पष्ट सांगा की त्याला गावात जेवायला माझी हरकत नाही, माझ्या शेजारी बसवायला आहे. आणि त्यांना खरंच काही करायचं असेल, तर त्यांनी आधी त्याला विचारावं, की तू त्यांच्या दारात जाऊन, कोणाला सोबत न घेता, ‘मी मारलं’ असं म्हणायला तयार आहेस का. तो तयार झाला तरी दार उघडायचं की नाही हे तुमची आई ठरवेल, तुम्हीसुद्धा नाही.

राहिला धुरा. तुमच्या लिहिण्यात एक ओझरतं वाक्य आहे, की या पावसाळ्यात त्याच्या वावराची तासं पुन्हा दीड हात तुमच्या वावरात आली आहेत. ज्यावरून जीव गेला ती हद्द आठ वर्षांत कोणी मोजलेली नाही. पोलीस आले, कोर्ट झालं, तुरुंग झाला, माणूस सुधारला, आणि धुरा तिथेच वादात पडून आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, पुढच्या पेरणीच्या आत. नोटीस त्यालाही जाईल, तोही येईल. एकटे जाऊ नका. पोलीस पाटलाला आणि घरातल्या कोणा थंड डोक्याच्या माणसाला सोबत घ्या. त्याच्याशी बोलायची गरज नाही, मोजणीला आलेल्या भूकरमापकाशी बोला. खुणांचे दगड गाडले की तिथेच फोटो काढा, आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की आईला वाचून दाखवा.